बसले आहेत

देवयानी : फाइल तू उघडू नकोस, सर्वेश. मी बघते.

सर्वेश : माझ्याच बाबांच्या मनगटावरच्या पट्ट्याची आहे. दे इकडे.

देवयानी : काका जाऊन सहावा दिवस आहे रे आज. कोलशेतला ऑफिसात सगळे म्हणाले, रिलीज पुढे ढकलू.

सर्वेश : ढकलून काय होणार? हे बघ. हात हळूहळू खाली येतोय. अकरा सेकंद. माणूस पडला की घरी कळवणारा पट्टा आपला, आणि त्याला असं पडणं माहीतच नाही.

पट्टा : (फाइलमधली नोंद) ४.१०. बसले आहेत.

देवयानी : दोनशे वेळा पडून मोजलेलं आपण.

सर्वेश : कोण पडलेलं? तू, मी, ऑफिसातला हर्षित. खाली गादी टाकून, खिदळत. त्यात सत्तरीचा एक तरी होता?

देवयानी : सत्तरीच्या माणसाला पाडणार कसं?

सर्वेश : बाबा सांगत होते. तीस वर्षं केमिकल कंपनीत सेफ्टीला काढलेली त्यांनी. "म्हातारा धप्पकन पडत नाही रे, भिंत धरून उतरतो. खाली गेला आणि उठला नाही, की बोंब मारायची. एवढंच लिही." मी काय म्हणालो, माहितीये? "बाबा, अंदाजावर कोड लिहीत नाहीत. आकडे लागतात."

देवयानी : मीही तेच म्हणाले असते. आणि त्यांचा नियम लावून पाहिलेला ना आपण? कोणी पूजेला बसलं, फोन वाजला. तांदूळ निवडायला बसलं, वाजला. दोन दिवसांत लोकांनी पट्टे काढून ठेवले.

सर्वेश : वाजू दे. आता नियमच लावायचा. आकडे गेले खड्ड्यात.

देवयानी : एका माणसावरून?

सर्वेश : असं म्हणू नकोस.

देवयानी : सॉरी. पण नियम बरोबर होता की नाही, तेही मोजूनच कळणार ना? त्याला खरं पडणं लागतं. गादीवरचं नाही. आपल्याकडे तसं हे एकच आहे.

पट्टा : ४.३०. बसले आहेत.

(मंदाकिनी मघापासून दारात उभी आहे.)

मंदाकिनी : मी कोपरला बहिणीकडे होते गं. फोनवर हेच आलेलं. तिला दाखवलं मी. म्हटलं, बघ, माझ्या लेकाने केलंय. निवांत बसलेत ते. टाक अजून अर्धा कप चहा.

सर्वेश : आई, तुझी काही चूक...

मंदाकिनी : किती वेळ होते रे तसे?

सर्वेश : आई, नको.

मंदाकिनी : आकडा सांग. तुला आकडे लागतात ना?

सर्वेश : बावन्न मिनिटं.

मंदाकिनी : हलत होते?

सर्वेश : पहिली वीस.

पट्टा : ५.०२. बसले आहेत.

देवयानी : काकू, तुम्ही हो म्हणालात तरच पट्ट्याला शिकवायला ही नोंद वापरू. काकांचं नाव कुठेच येणार नाही.

मंदाकिनी : काय करावं लागतं त्याला?

देवयानी : पट्ट्याने "बसले" लिहिलंय. ते खोडून "पडले" करायचं. खाली तपासणाऱ्याचं नाव. सर्वेश, तू करतोस?

सर्वेश : हात होत नाहीये माझा.

मंदाकिनी : सरक जरा. घरी येऊन त्यांना पडलेलं पाहिलेलं मीच ना? माझं नाव घाला. कुठलं बटण दाबायचं, तेवढं दाखव.