खालून येणारा आवाज

नाही नाही बाई, दचकू नका, मीच तो. तिचा मेलेला आजोबा. बसा त्या स्टुलावर, आत्ताच पुसलंय — पाणी देऊ? भूत देतंय म्हणून नको म्हणू नका. सांत्वनाला आलात होय? मग करा की, मेल्यापासून कुणी विचारलंच नाही मला.

तिला ओरडू नका हं. काडी माझीच. ‘माझे आजोबा’ लिहायचंय आणि काही सुचत नाही म्हणून पोरगी रडकुंडीला आलेली. सुचणार काय — आजोबा पंक्चर काढतात, आजोबा घोरतात, संपला निबंध. म्हटलं, भिंगरे, मारून टाक मला, मेलेल्या माणसावर बाई लाल शाई चालवत नाहीत. खी खी करत लिहायला बसली, ती जेवायला हाका मारल्या तरी उठेना. तेव्हापासून रोज लिहितेय — बिलांच्या पाठीवर, ट्यूबच्या खोक्यांवर, एक खोकं कोरं ठेवलं नाही. तुम्ही वर्गात वाचलात, पोरी रडल्या, हे ऐकून मी पोट धरधरून हसलो. मरायचं मी आणि कौतुक हिचं.

मलाही वाचून दाखवला ना तिनं. झकास. ते सुकलेले ओठ, चमच्यानं पाणी, गार पडलेली पावलं — म्हटलं, अगं, हे कुठून आणलंस? तर म्हणे, असंच. असंच कसं, बाई? तिची आजी गेली ना, तेव्हा वरच्या खोलीत तीच होती जवळ. पोरगा-सून कामावर. मी इथं, खाली दुकानात. म्हणजे — गिऱ्हाईक होतं, टाकून कसं जाणार... नाही, गिऱ्हाईक कुठलं. दोस्त बसले होते. जिना चढायची भीती वाटत होती मला, म्हणून एकामागून एक किस्से सांगत सुटलो होतो.

मला वाचता येत नाही असं वाटतं तिला. येतं हो, बोट ठेवून, एकेक अक्षर. वही घरी आली, ती खेळायला गेली, तेव्हा बसलो. एक वाक्य तिनं मला वाचून दाखवलंच नव्हतं. ‘खालून हसण्याचा आवाज येत होता.’ बस. ना शिवी, ना तक्रार.

चांगलं वाक्य आहे ना? तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा... मान डोलावलीत. मलाही वाटलंच.

मग निबंध स्पर्धेला पाठवणार होतात ना, तो पाठवाच. मेलेला जिवंत निघाला म्हणून तिचं नाव कापू नका. खोटं काही नाही त्यात, नुसता माणूस बदललाय. आणि मी ते वाचलंय, हे तिला कळू देऊ नका — कळलं तर पुढच्या वेळी मला सांभाळून घेईल, मायाळू आहे कार्टी. असं सांभाळून लिहायला लागली की संपलंच, बाई.

निघा आता. ती येईल एवढ्यात.