गोठ्यातली लाल गाडी

माहं माहेर धनजचं, सासर किन्हीराजाचं, नाव सुमन, आन् वय इचारू नको पोरी, पाह्यजे तं दात मोजून घे. बाप शिलाईचं काम करे, लग्नात आंदन म्हनून मशीनच देल्ली त्यानं, तिच्या भरवशावर मी या घरात मान वर करून राह्यली. आमचे हे, गजाननराव, मानूस लय चांगला, पन कोनाचंबी आयकनारा. दारावर चाळण्या विकाले आलेल्यालेबी बसवून च्या पाजत.

तं झालं असं, का मोठ्या रस्त्यात आमचं खालचं वावर गेलं आन् त्याचा पैसा आला. पैसा आल्याबरोबर घरी मानसं येऊ लागले, कोनी प्लाट म्हने, कोनी इमा म्हने, त्यातच एक चष्मेवाला आला, बुटाले शेन लागू नये म्हनून उड्या मारत चालनारा. तो म्हने काका, नवी गाडी दुकानाच्या बाहेर निंघाली का भाव पडते, पन जुनी फारेनची रेसची गाडी, दोन शिटाची, तिचा भाव दरवर्सी चढते. फक्त चालवू नका, जेवढी चालन तेवढा भाव उतरन. आमच्या याइनं हो म्हनून मान हालवली. मी म्हनलं, चालवाची नाही तं गाडी घ्याची कायले? तो हासला आन् म्हने काकूले नाही समजत. हे लोकाइले सावध कराच्या तुह्या पत्रकात लिही पोरी, मोठ्या अक्षरात लिही. काकूले समजते हे त्याले बरोबर मालूम होतं, म्हनूनच मंग तो काकूसंग बोललाच नाही.

वावराच्या पैशातून गाडी आली. लाल, बसकी, दबा धरलेल्या मांजरीवानी. बैलजोडी विकून गोठा तिच्यासाठी खाली केला. आता भाव येईपर्यंत माल सांबाळाचा म्हनलं तं आमाले एकच तऱ्हा मालूम, तूर ठेवतो तशी. याइनं शिटाइवर कडूनिंबाचा पाला अंथरला, डांबरगोया ठेवल्या, भोवतालून कुटाराचे, म्हंजे भुशाचे, पोते रचले. मी नऊ जुन्या लुगड्याइची खोळ शिवली तिच्यासाठी, माह्या मायचं हिरवं लुगडंबी त्यात गेलं. खोळ माही, पन मी गाडीत बसली कदी नाही. एकडाव दार उघडून नुसता पाय ठेवला तं हे धावत आले, अवं सुमन, नको बसू, शीट दबन, भाव जाईन. मी पाय काढून घेतला. चार वर्सं. पोयाले बैलाच्या जागी तिले हार, तिले निवद, आन् मी बाहेरूनच ओवाळे. सवतीचेबी एवढे लाड कोनी केले नसन.

मंग माहे गुडघे गेले. मशीनचा पायडल मारवेना, डाक्टर म्हने आपरेशन करा. हे म्हने, घाबरू नको, आता गाडी विकून टाकू, दोन्ही गुडघे करू. चष्मेवाल्याले फोन लावला तं फोन बंद. लावला, लावला, बंदच. तव्हा कारंज्याहून सलीमभाईले बलावलं, ते मिस्तरी, अशा गाड्याइत जिंदगी गेली त्याइची. त्याइनं खोळ काढली, पोते सारले, तं कुटारातले उंदरं इंजिनात ऱ्हायाले गेलते, सारे वायर कुरतडेल. सलीमभाई लय येळ खाली वाकून पाहत राह्यले, मंग म्हने, गजाननभाऊ, खोटं सांगू का खरं? ही तूर नोहे. ठेवली का रबर सुकते, पेट्रोलचा डिंक होते. भाव त्या गाडीले येते जिचं इंजिन तिचंच हाय, कागद पैलेपासूनचे हायेत, जी फिरती ठेवली. हिचं इंजिन दुसऱ्याच गाडीचं हाय, नंबरच जुयत नाही.

हे भिताडाले टेकले. काहीच नाही येनार म्हने? सलीमभाई म्हने, सुट्या भागाचे पैसे येतीन. वहिनीचा एक गुडघा होऊन जाईन.

मंग याइनं इचारलं, सलीमभाई, आता हिच्यात कोनी बसलं तं भाव उतरत नाही ना? ते म्हने, नाही भाऊ, उतराले राह्यलंच काय.

सलीमभाईनं आठ दिवस खपून ती चालू केली, मजुरी घेतली नाही. याइनं दार उघडलं आन् म्हने, बस वं सुमन. गाडी बसकी, माहे गुडघे वाकेना, दोघाइनं धरून मले पोत्यावानी आत सोडलं. निंबाचा वास. काच खाली केली तं सुकेल पाला गाडीभर उडू लागला, याइच्या मिशीत, माह्या केसात, आन् हे हासून राह्यले. मांगं फटफटीवर सलीमभाई. माह्या माहेरापर्यंत, धनजपर्यंत जाईन असं त्याइले वाटत नव्हतं, पन गेली, आन् येशीतच बंद पडली. गाव गोया झालं. मले उतरता येईना, मी तशीच बसली आन् सारे वाकून वाकून मले भेटले, भावजयीनं च्या गाडीतच देल्ला.

आता गाडी सुट्या भागात विकली गेली. एक गुडघा झाला, दुसऱ्याले टाइम हाय. खोळीची गोधडी केली, तीच पांघरतो आमी. तुह्या पत्रकात लिही का चार वर्साचा घास गेला आमचा, आन् त्या चष्मेवाल्याले कोनी दारात उभं करू नका. पन याइले मूर्ख लिहू नको. मशीनचं चाक आता हे हातानं फिरवते, मी नुसतं कापड सरकवतो. सुखी राह्य पोरी, आन् तुही ती बाही उसवली, काढून दे, दोघं मिळून आत्ता टीप मारून देतो.