क्लोक अजून बाकी आहे

नमस्कार मंडळी.

मागे उभे आहात ते पुढे या ना. कोटांचा ढीग जरा सरकवा, जागा होईल. रविवारची सुट्टी सोडून तुम्ही सगळे इचिकावात आलात, काही जण तर पार क्योतोहून आलात. अनघाच्या ऑफिसातल्या मोरी-सान आल्या आहेत. त्यांना आपलं मराठी कळत नाही, तरी मघापासून ताठ बसून ऐकताहेत. तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाहीये.

मी शुभदा. बँकेच्या पोस्टिंगवर जपानला आले त्याला अडीच वर्षं झाली. अनघा तिसऱ्या मजल्यावर राहायची, मी दुसऱ्या. तिच्याबद्दल चार चांगले शब्द बोल, असं मला सांगितलंय. चार काय, चारशे बोलता येतील. पण मघापासून मी घड्याळच बघतेय. मला भीती वाटतेय.

कशाची, ते आधीच सांगून टाकते. या टेबलावर जो फोन आहे तो अनघाचा आहे. आत्ता दोन चाळीस झालेत. तीन वाजता यावर तिच्या आईचा फोन येणार आहे. आणि तिच्या आईला अजून माहीत नाही, की अनघा गेली.

हो. नऊ दिवस झाले, आणि माईंना माहीत नाही.

शिरीषदादा, तुम्ही अनघाचे सख्खे भाऊ, समोर बसलात, आणि तुमच्याकडे बघून बोलणं मला अवघड जातंय. पण आज मला अडवू नका. एवढं बोलू द्या.

मंडळी, माई मिरजेला असतात. मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्याच महिन्यात त्यांना पेसमेकर बसवलाय. या मायलेकींचा एक खेळ होता. तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल, अनघा जेवताना मध्येच फोन काढून बसायची आणि आपण तिच्यावर वैतागायचो. माई रोज सकाळी सहाला उठून तिला एक इंग्रजी शब्द पाठवायच्या. इथे साडेनऊ झालेले असायचे. अनघानं त्याची दोन वाक्यं करायची. एक शब्दशः अर्थाचं, एक लाक्षणिक. माई तपासून मार्क द्यायच्या. दहापैकी. चव्वेचाळीस वर्षांची मुलगी, टीम लीड, आणि दहापैकी सात मिळाले की दिवसभर तोंड पाडून बसायची!

एकदा शब्द होता अँकर. नांगर. तिनं लिहिलं, मी तुम्हाला मराठीत सांगते, 'उरायासुला नांगरलेल्या एका बोटीवर एक म्हातारा मोजे वाळत घालत होता.' हे पहिलं. आणि दुसरं, 'शुभदा हा इथला माझा नांगर आहे, पण तिला स्वतःला पोहता येत नाही.' मी भांडले तिच्याशी. म्हटलं, माझी बदनामी मिरजेपर्यंत कशाला? तर म्हणाली, "माईचा नियमच आहे. वाक्यात ओळखीचं माणूस पाहिजे, नाहीतर मार्क कापते."

आणि दुसरा नियम. जुना शब्द पुरा झाल्याशिवाय नवा शब्द नाही.

त्या बुधवारी अनघा स्टेशनच्या जिन्यावर कोसळली. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलमधून मला फोन आला, कारण तिच्या पाकिटातल्या कार्डावर माझा नंबर होता. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे, माझी तिच्याकडे. तिच्या फोनच्या लॉकचा आकडा मला पाठ, माझा तिला. परदेशात एकट्या राहणाऱ्या बायका हे करून ठेवतात. नर्सनं तिची बॅग माझ्या हातात दिली, आणि बॅगेत फोन वाजला. साडेनऊ झाले होते. माईंचा मेसेज. शब्द होता, क्लोक.

खाली माईंची टीपही होती. त्या नेहमी लिहायच्या. 'क्लोक म्हणजे खांद्यावरून खाली सोडायचा बिनबाह्यांचा झगा. मूळ शब्दाचा अर्थ घंटा. घंटेसारखा पसरतो म्हणून. तुला आपल्या मिरज स्टेशनची क्लोक रूम आठवते का? तू पुण्याला शिकायला निघालीस तेव्हा गाडीला चार तास उशीर होता. तुझी ट्रंक तिथं ठेवून आपण दोघी गावात जेवून आलो होतो. तुझी दोन वाक्यं पाठव.'

काचेपलीकडे अनघा होती, नळ्या लावलेली. आणि मी तो मेसेज उभ्यानं तीनदा वाचला. मग मी काय केलं असेल? मी लिहिलं, 'आज मीटिंग आहे माई, उद्या पाठवते.'

ते मी लिहिलं. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. शिरीषदादांनी नंतर सांगितलं, तोपर्यंत माझं सुरूही झालं होतं. खोटं बोलायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. कारण सवय आहे. आपल्या सगळ्यांनाच आहे, नाही का? इथे जमीन हलली की आपण टेबलाखाली जातो, आणि बाहेर आल्यावर पहिला मेसेज घरी काय करतो? 'काही जाणवलंसुद्धा नाही.' नोकरी गेली, कॉन्ट्रॅक्ट संपलं, पोराला शाळेत त्रास झाला, आपण म्हणतो, 'सगळं छान.' त्यांना काळजी नको म्हणून. मायेनंच करतो. मायेच्या नावाखाली करतो.

शुक्रवारी सकाळी अनघा गेली. शिरीषदादा आले. माईंना सांगून आले, की ऑफिसच्या कामानं दिल्लीला चाललोय. दादा, मी तुम्हाला दोष देत नाही. डॉक्टरांनीच तुम्हाला सांगितलं होतं, धक्का बसता कामा नये. तुम्ही मला म्हणालात, "शुभदाताई, मी मिरजेला पोहोचेपर्यंत तेवढं सांभाळा." मी म्हटलं, सांभाळते.

काय सांभाळलं सांगू? रोज साडेनऊला ऑफिसात माझ्या ड्रॉवरमध्ये हा फोन वाजायचा. शेजारच्या टेबलावरचे तानाका-सान दचकून बघायचे. मी फोन घेऊन जिन्यात जायची. माईंचा मेसेज रोज तोच. 'क्लोक अजून बाकी आहे.' पहिल्या दिवशी हसरा चेहरा होता खाली. दुसऱ्या दिवशीही होता. मग तो गेला. मग आलं, 'बरी आहेस ना?' मग, 'एकदा आवाज ऐकव.' मी लिहायची, घसा बसलाय. लिहिलं की पाठवायची, आणि पाठवलं की जिन्यातच बसून राहायची. मेलेल्या बाईच्या नावानं मी तिच्या आईशी बोलत होते. मला अंघोळ करतानासुद्धा तो आवाज ऐकू यायचा. फोन बंद असला तरी यायचा.

परवा मला राहवलं नाही. म्हटलं, दोन वाक्यं देऊन टाकू, सुटू. नवा शब्द येईल, दोन दिवस मिळतील.

बसले लिहायला. आणि खरी वाक्यंच सुचायला लागली. गेल्या महिन्यात मोरी-सानच्या लग्नाला आम्ही दोघी हॉटेलात गेलो होतो. तिथे दाराशी कोट ठेवून घेतात, त्याला इथेही क्लोकच म्हणतात. काउंटरवरच्या मुलीनं अनघाला विचारलं, "खिशात काही मौल्यवान नाही ना?" अनघानं खिशातून डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं, पर्समध्ये टाकलं, आणि मला म्हणाली, "माईला सांगायचं नाही हं." हे झालं शब्दशः. आणि लाक्षणिक? 'आम्ही एका आईला मायेचा झगा पांघरून अंधारात बसवलंय.' हेही लिहिलं मी. लिहिलं आणि पुसलं. दोन्ही पुसली.

थांबा. ते डोकेदुखीचं मी बोलून गेले. बरंच झालं.

दादा, तुम्हालाही हे माहीत नाही. तिचं डोकं तीन आठवडे दुखत होतं. रोज. मी म्हणत होते डॉक्टरकडे चल. ती म्हणायची, सॉफ्टवेअरचं रिलीज झालं की जाऊ. आणि एका रविवारी माईंनी व्हिडिओवर मलाच विचारलं, "शुभदा, हिचा चेहरा असा का दिसतोय गं?" अनघानं टेबलाखालून माझा पाय दाबला. मी म्हटलं, "काही नाही माई, इथला उजेडच तसा आहे." त्या म्हणाल्या, "तू आहेस तिथे, मला काळजी नाही."

त्या म्हणाल्या, मला काळजी नाही.

त्या दिवशी मी खरं बोलले असते, तर माईंनी तिला सोडली नसती. फोनवरून ओरडून ओरडून दवाखान्यात पाठवली असती. ती वाचली असती का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मला त्या बाईंच्या रागाची भीती नाही मंडळी, शिव्या दिल्या तर मी घेईन. त्यांनी नुसतं विचारलं, 'शुभदा, तुला माहीत होतं का?' तर? त्या एका प्रश्नाची मला भीती वाटते. इतके दिवस मी दादांचं सांगणं पाळतेय असं दाखवत होते. खरं तर तो प्रश्न येऊ नये म्हणून मी लपले होते.

तर मी शेवटी पाठवली ती वाक्यं अशी. 'राजाने लाल झगा घातला होता.' आणि, 'टेकड्यांवर धुक्याचा झगा पसरला होता.' गाइडमधून उचलल्यासारखी. कुणाचं नाव नाही, गाव नाही.

काल दिवसभर उत्तर आलं नाही. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. आज सकाळी आलं. वाचून दाखवते.

'दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. व्याकरणाची चूक नाही. पण माझी मुलगी राजाबद्दल लिहीत नाही. हाताखालून इतक्या मुली गेल्या, दुसरीची वही मला ओळखू येते. बाळ, तू कोण आहेस? तुमच्या तीन वाजता मी फोन करीन. उचल.'

बाळ, तू कोण आहेस.

सकाळी हे मी दादांना दाखवलं. दादा म्हणाले, "उचलू नका. परवा मी घरी पोहोचतो, समोर बसून सांगतो." मी हो म्हटलं. आणि हो म्हणून घरी गेले, आणि माझ्याच्यानं राहवेना. दादा, त्या आत्ता एकट्या फोन हातात धरून बसल्यात. तो वाजत राहिला आणि कुणी उचललाच नाही, तर ते परवापर्यंतचे दोन दिवस त्या कशा काढतील? जे त्यांना कळलंय ते आपण त्यांच्यापासून झाकतोय. आता आपण फक्त त्यांना एकटं पाडतोय. म्हणून दुपारी मी तुमच्या शेजारच्या डॉक्टरबाईंना फोन केला. तुम्हाला न विचारता. त्या आत्ता माईंच्या शेजारी बसल्या आहेत, औषधं घेऊन. माझी चूक झाली असेल तर मला बोला. पण नंतर.

दोन अठ्ठावन्न.

दादा, मुलगा तुम्ही. हक्क तुमचा. हा फोन तुम्ही घेता का? तुम्ही मान हलवताय, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला इथून कळत नाही. नको? बरं. रडू नका ना. या, इथे माझ्याजवळ येऊन उभे राहा. मोरी-सान, सुमिमासेन. कोणीतरी त्यांना सांगा ना, ती खुर्ची जरा बाजूला घ्या म्हणावं.

मंडळी, अनघाबद्दल मी चांगलं काहीच बोलले नाही, मला माफ करा. ती हुशार होती, खट्याळ होती, कचरा वेगळा करण्यावरून अख्ख्या बिल्डिंगशी भांडायची आणि मग त्यांनाच थालीपीठ नेऊन द्यायची. ती मला फार हवी होती. तिला माझा नमस्कार.

अशा वेळी उठून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात. तुम्ही उठू नका. खुर्च्या वाजतील, आणि खोलीत किती माणसं आहेत ते माईंना कळेल. इतकी माणसं कशाला जमली, हे त्यांना माझ्या तोंडून कळू दे. बसल्या जागी शांत राहा. लहान मुलांना जवळ घ्या. तिच्यासाठी आणि माईंसाठी, एवढी शांतता मला द्या.

वाजला.

हॅलो. माई, नमस्कार. मी शुभदा. अनघाच्या खालच्या मजल्यावरची. हो, वाक्यं माझी होती.

हो माई. शिरीषदादा इथेच आहेत, माझ्या शेजारी. नाही, दिल्लीला नाही गेले. इथे आलेत.

हो, माई. गेली. मागच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी. मेंदूत रक्तस्राव झाला.

मी आहे ना, माई. ठेवत नाही फोन. तुम्ही बोला.

डोकं? तिचं डोकं दुखत होतं का?

हो, माई. तीन आठवडे. मला माहीत होतं.