आणि पुढे विहीर!

...नाही नाही, हसू नका! तुम्ही बसा त्या मडगार्डवर, मग हसा! ट्रॅक्टर उतारावर, स्टिअरिंग दगडासारखं, गरगर वळवायला जावं तर आतून गायीसारखं हंबरतंय... आणि पुढे विहीर! बिनकठड्याची!

चालवतो कोण? आमची ही. ट्रॅक्टर तिच्या वडिलांचा, आमच्या लग्नाहून जुना. मला त्यावर हक्क एवढाच, मडगार्डवर बसून घाबरण्याचा. त्या दिवशी वळणावर चाकं वळेचनात, तर हिनं काय करावं? मागच्या दोन चाकांना वेगवेगळे ब्रेक, त्यातला डावा एकटाच दाबला, अन् ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन! माझी एक चप्पल विहिरीत गेली. ही म्हणते कशी, "वळला ना?" अहो, वळला, पण उद्या नाही वळला तर? मला बायको एकच आहे हो!

सासऱ्यांना फोन लावला. तिकडून खोकत, "जावईबापू, तेल बघा. ट्रॉली उचलणारा जॅक अन् स्टिअरिंग, दोन्हीचं तेल एकाच टाकीतलं. स्टिअरिंग रुसलं म्हणजे तेल कमी." बघितलं. तेल मोजायच्या पट्टीच्या टोकालाही तेल नाही! ओतलं. दुसऱ्या दिवशी जास्तच हंबरायला लागलं, ट्रॉली उचकी लागल्यासारखी वर जायला लागली, आणि खाली जमिनीवर फेसाळ तेलाचं हे थारोळं! मेहुणा आला. "दाजी, गळतंय. बघा, पट्टी पुन्हा कोरडी." त्यानं ओतलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मिटला की स्टिअरिंग फिरतच नाही... आणि पुढे विहीर!

मग मिस्त्री. त्यानं फिल्टर धुतला, पंपाला कान लावला, नळ्या चाचपल्या, बेल्ट ताणला, आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "पंप गेला असावा. तोवर... तेल घाला."

अरे, तो ट्रॅक्टर आहे की तेलाचा हौद? आम्ही ओततोय, तो फेस ओकतोय. तो ओकतोय म्हणून आम्ही ओततोय!

आता ऐका. आमच्या सासरची एक शिस्त. नवी ट्रॉली आल्यापासून सासऱ्यांचा हुकूम, "ट्रॉली कधी आडवी ठेवायची नाही. पाणी साचतं, पत्रा गंजतो. जॅकवर उभी करूनच ठेवायची." जावयानं मोडायची हिंमत आहे का? तर ट्रॉली आभाळाकडे तोंड करून उभी, आणि आम्ही तिघं टाकीचं झाकण उघडून आत डोकावतोय. मेहुणा डबा तिरपा करतोय. तेवढ्यात ही आली. "सरका. मला खत भरायचंय." आणि खटका दाबून ट्रॉली खाली सोडली!

ट्रॉली उचलायला जॅकमध्ये चढलेलं सगळं तेल, तुम्हाला सांगतो, सगळं, टाकीत, आपल्या घरी परत आलं! आणि घर आधीच भरलेलं! असं कारंजं उडालं की मिस्त्रीच्या मिशीपासून माझ्या उरलेल्या चपलेपर्यंत सगळे न्हाऊन निघालो. ही शांतपणे म्हणाली, "ट्रॉली वर ठेवून तेल मोजत होतात?" नवी ट्रॉली आल्यापासून सासरेही असंच मोजून ओतत आले होते, म्हणून तर पहिल्यापासून ते हंबरणं! मिस्त्री मिशी पुसायला लागला.

जास्तीचं तेल काढलं. फेस बसला. हंबरणं बंद. ट्रॉली लोण्यासारखी वरखाली, आणि स्टिअरिंग? एका बोटानं फिरतं! सुटलो म्हणालो. मडगार्डवर बसलो, निर्धास्त, आयुष्यात पहिल्यांदा.

कसला निर्धास्त! अहो, जड होतं तेव्हा वळणावर हळू तरी घ्यायची! आता उतारावर सुसाट, स्टिअरिंगवर एक बोट, मान वळवून माझ्याकडे बघत म्हणते, "बघा ना, किती हलकं झालंय!" मी बघणार कुठं? मी पुढे बघतोय... आणि पुढे विहीर!

तेल परत ओतायचा विचार मनात येऊन गेला, खोटं नाही सांगत. पण डबा तिनं कुलपात ठेवलाय. मी आता चालतच जातो. अनवाणी.