उकळून प्या

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी वस्तीला नळाचं पाणी सोडणारी बाई आणि तिची आत्या बसल्या होत्या.

"पाइप फुटून पाण्यात घाण शिरलीय, उकळून प्या, असं तू दारोदार सांगितलंस ना?"

"सगळ्यांना सांगितलं, आत्या."

"मग माझ्या दादाला?"

"बाबांनाही सांगितलं. ते हसले. म्हणाले, माझ्या लेकीनं सोडलेलं पाणी मी कशाला उकळू?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"मला बरं वाटलं गं. मी हट्टच धरला नाही."

"लेकीचं कौतुक नडलं बघ. जिवावर बेतलं होतं, पण निभावलं."

"हो. मघाशी म्हणाले, यापुढं उकळूनच पिईन."

"मग चांगलंच झालं की!"

"झालं. पण माझ्याकडं न बघताच म्हणाले."