तेरा-साठचं कार्ड

मॅब्री : लिहिलंय की कार्डावर. तेरा पॉइंट साठ सेकंद. आता सही मार आणि सोड मला, डार्ला.

डार्ला : हात बाजूला घ्या, मिस्टर मॅब्री. बॅटरी बघू दे.

मॅब्री : बघ, बघ. हेल्मेट सीटवर आहे, पट्टा नवा आहे, ब्रेक परवाच केलेत.

डार्ला : आणि रोल बार?

मॅब्री : तो कशाला? पोरी, नियम तुझ्यापेक्षा मला जास्त पाठ आहेत. तुझ्याआधी वीस वर्षं याच शेडमध्ये बसून गाड्या तपासल्यात मी. पाव मैल साडेतेरा सेकंदांच्या आत कापत असेल, तरच उघड्या गाडीला डोक्यामागे लोखंडी कमान लागते. माझी म्हातारी रमतगमत जाते.

डार्ला : रमतगमत जायला मागे एवढे रुंद टायर?

मॅब्री : शोभेला गं. कन्व्हर्टिबल आहे, लोक बघायलाच येतात. तिच्यात लोखंडाचा सांगाडा ठोकायचा म्हणजे नवरीला मुसकं बांधण्यातला प्रकार.

ग्रेडी : अरे, अजून इथंच तुम्ही? डार्ला, तीन हजार माणसं उन्हात तापतायत. ट्रॅकला पन्नास वर्षं झाली म्हणून पोस्टर लावलीत मी अख्ख्या टेनेसीत. शर्यतीची पहिली जोडी हॉयल मॅब्रीची, असं छापलंय त्यावर. आटप बाई.

मॅब्री : ग्रेडी, तू मालक ना या ट्रॅकचा? मग सांग हिला. भावाचा राग काढतेय माझ्यावर.

ग्रेडी : तो विषय आज नको, हॉयल.

मॅब्री : का नको? चौदा वर्षं झाली. हिच्या भावानं, वेडनं, कार्डावर खोटी वेळ लिहिली. तेरा-साठ म्हणाला आणि त्याहून कितीतरी जोरात पळाला. त्याचीही गाडी उघडीच, रोल बार नव्हता, उलटली. मी पोराच्या शब्दावर विश्वास ठेवून सही केली, एवढाच माझा गुन्हा. शेरीफला तेव्हाच सांगून मोकळा झालोय मी.

डार्ला : हो, तुम्ही मोकळे झालात. पपांना मात्र दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लोकांनी ऐकवलं, पोरगा खोटं बोलला आणि मेला. तेच ऐकत गेले ते. आणि वेडचं कार्ड तेवढं कुणाला सापडलं नाही.

मॅब्री : वाऱ्यानं उडालं असेल.

डार्ला : असेल. सकाळी नाश्त्याला तो मला म्हणाला होता, मिस्टर मॅब्री म्हणतात, काळजी करू नको, बाकीचं मी बघतो. मी सोळा वर्षांची होते. माझं कोण ऐकणार?

ग्रेडी : डार्ला, ऐक माझं...

डार्ला : ऐकते ना. पेन द्या. करते सही.

ग्रेडी : शाबास. अशी शहाणी हो.

डार्ला : फक्त ही वेळेची चिठ्ठी बघून ठेव, ग्रेडी. तीन आठवड्यांपूर्वीची, नदीपलीकडच्या ट्रॅकची. गाडी हीच, ड्रायव्हर हाच. बारा पॉइंट एकाहत्तर.

ग्रेडी : बारा-एकाहत्तर? हॉयल!

डार्ला : तिथं रोल बार होता यांच्या गाडीत. इथं पोस्टरवर फोटो झकास यावा म्हणून खोलून ठेवला. बोल्टांची चार भोकं अजून तशीच आहेत. बोट घालून बघ.

ग्रेडी : मग सही कशाला करतेस? थांबव की त्याला!

डार्ला : का थांबवू? मोठा माणूस म्हणतोय तेरा-साठ. मी शब्दावर विश्वास ठेवला. हे घ्या कार्ड, मिस्टर मॅब्री. उजवी लेन तुमची.

मॅब्री : हं. डोकं चालवायला लागलीस.

डार्ला : जा ना. लोक वाट बघतायत. वेडचीही उजवीच लेन होती. फिनिशच्या पुढे डांबराला उंचवटा आहे, अजून कुणी काढला नाही. गाडी तिथं आडवी झाली की आधी पुढची काच दुमडते. काचेची चौकट कागदासारखी बसते खाली. मग वर उरतं काय? तुमचं डोकं. मी मोजलंय बसल्या बसल्या, काचेच्या वर चार इंच येतं ते.

ग्रेडी : डार्ला, गप्प बस.

डार्ला : इंजिन चालू करा, मिस्टर मॅब्री.

मॅब्री : तुझ्या डोळ्यांतच दिसतंय. तुला माहितेय ही गाडी किती पळते.

डार्ला : माहितेय.

मॅब्री : आणि तरी सोडतेस?

डार्ला : तरी सोडते.

मॅब्री : आणि उद्या माझं काही झालं तर?

डार्ला : शेरीफला सांगेन, म्हातारा कार्डावर खोटं बोलला. मी बिचारीनं विश्वास ठेवला.

मॅब्री : अगं, हा खून झाला! तपासणाऱ्याला माहीत असेल गाडी किती पळते, आणि तरी तो सही करून सोडत असेल, तर खून नाही तर काय हा?

(बाहेर लाउडस्पीकरवर पहिल्या जोडीची नावं पुकारली जातात.)

ग्रेडी : हॉयल. वेडचं इंजिन कुणाच्या गॅरेजात बांधलं होतं?

मॅब्री : तू आता हिच्या नादाला लागू नकोस.

ग्रेडी : तुझ्या गॅरेजात. तू स्वतः बांधलंस. मला दाखवायला आणलं होतंस. ग्रेडी, हे पोराला उडवून नेईल, असं म्हणाला होतास. चौदा वर्षं माझ्या डोक्यात कसं आलं नाही हे?

डार्ला : वेडनं कार्डावर काय लिहिलं होतं, मिस्टर मॅब्री?

मॅब्री : तेरा...

डार्ला : काय लिहिलं होतं?

मॅब्री : बारा-नव्वद.

ग्रेडी : देवा.

मॅब्री : बारा-नव्वदच लिहिलं होतं. म्हणाला, मिस्टर मॅब्री, रोल बार पुढच्या महिन्यात बसवतो, तोवर नाही पळवत. मी म्हणालो, वेडा का काय, लोक तुझी गाडी बघायला आलेत. मी खोडलं. मी तेरा-साठ केलं. पोरगा माझ्याकडे बघून हसला. मला काय माहीत असं होईल?

डार्ला : तुम्हालाच माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नव्हतं.

मॅब्री : घे हे तुझं कार्ड. मी नाही पळवत.

डार्ला : पळवताच येणार नव्हती. वाचा त्यावर काय आहे.

ग्रेडी : दाखव इकडे. ‘नापास. रोल बार नाही.’ आणि खाली हिची सही.

डार्ला : नऊ वर्षं आहे मी या स्टुलावर. एकही खोटी सही केलेली नाही. तुमच्यासाठी हात कशाला घाण करू?

मॅब्री : मग हे सगळं नाटक?

डार्ला : तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. उद्या ग्रेडी आणि मी शेरीफकडे जाणार. तुम्ही आधी गेलात तर बरं.

ग्रेडी : मी येतो, डार्ला. मी सांगतो सगळं. हॉयल, गाडी मागे घे. माझ्या ट्रॅकवरून बाहेर काढ.

मॅब्री : झालं तुझं समाधान?

डार्ला : नाही.

मॅब्री : अजून काय हवंय तुला? बासष्टीचा माणूस आहे मी. गुडघे टेकू इथं?

डार्ला : इथं नको. जाताना माझ्या घरावरून जा. आई घरीच असते. मला सांगितलंत तेच तिला सांगा, बारा-नव्वदपासून.

मॅब्री : तिला मी काय तोंड दाखवू?

डार्ला : तोंडाचं काही नाही. तिला कमी ऐकू येतं हल्ली. मोठ्यानं सांगा.