पापलेट, इतर परिस्थिती कायम असताना

नाही, पण मला एक सांगा, शिकवल्यावर मुलांना आधी येत होतं तेही यायचं बंद होतं का हो? माझ्या वर्गात झालंय ना... आकड्यांसकट! शिकवायच्या आधी वर्गाची सरासरी वीसपैकी चौदा, शिकवल्यावर नऊ. मधले पाच मार्क मी खाल्ले म्हणे.

तुम्हाला सांगतो, मी विश्राम, कल्याणच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नवी नेमणूक, दिली तर दिली, नाहीतर टिटवाळ्याला घरी बसून खिडकीतून नवीन बिल्डिंगी बघत बसायचं. नऊ वर्षं झाली, अजून जून जवळ आला की रोज ऑफिसात यादी लागली का बघून येतो. त्यात यंदा गुणवत्ता समितीवर आल्या क्षिप्रा मॅडम. वयाने माझ्याहून लहान, पण बोलायला लागल्या की वाटतं आपणच गृहपाठ विसरून आलोय. "सर, तुम्ही किती शिकवलं ते नको, मुलं किती शिकली ते मोजायचं. एकच पेपर, धड्याच्या आधी एकदा, धड्यानंतर एकदा. मधला फरक म्हणजे लर्निंग." मी म्हटलं, एवढंच ना, सोप्पं आहे.

फरक आला उणे पाच. मॅडमनी चष्मा वर सरकवला. "सर, तुमचं लर्निंग मायनसमध्ये गेलंय. हा तक्ता असाच वर गेला तर जूनचं मी काही सांगू शकत नाही."

मग मी पेपर काढून बसलो. प्रश्न साधा, पापलेट महागलं तर गिऱ्हाईक काय करेल? आता ही वर्षाली, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, आई मासळी विकते. तिने आधीच्या पेपरात लिहिलेलं, "बांगडा घेईल. पाहुणे यायचे असतील तर कुरकुर करेल आणि पापलेटच घेईल." अहो, अख्खा धडा झाला की दोन वाक्यांत! आणि मी सहा आठवडे घसा कोरडा केल्यावर तीच वर्षाली काय लिहिते? "इतर परिस्थिती कायम असताना मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. आकृती पाहा." आकृती कुठेय? काढलीच नाही. आणि मागच्या बाकावरचा जयेश, त्याने तर नुसतं "इतर परिस्थिती कायम असताना" लिहिलं आणि थांबला... पुढे त्याच्याकडे काही घडलंच नाही. आता हे शब्द त्यांना दिले कुणी? मीच. आमच्या शास्त्राचा प्रत्येक नियम तिथूनच निघतो, की बाबांनो, बाकी जगात कुणी हलू नका, मग आम्ही सांगतो भाव वाढला तर काय होतं. मुलांनी तेवढंच पकडलं. शिकवलं मी ना, बोलू कुणाला?

शेवटी मॅडमनाच दया आली. म्हणाल्या, "एक तरी विद्यार्थी दाखवा, ज्याने शिकलेलं वर्गाबाहेर वापरलंय. सोमवारपर्यंत. पुरावा जोडा." आता पुरावा कुठून आणू? मुलं वर्गात वापरत नाहीत, बाहेर कुठे वापरणार?

रविवारी बायकोचा भाऊ जेवायला येणार, म्हणून मी मासळी बाजारात गेलेलो. तर समोर वर्षाली, आईशेजारी बसलेली. तिची आई सगुणाबाई म्हणाली, "यो तुजा मास्तर हाय ना गो? मंग दे ना कमी करून." वर्षाली म्हणते, "आय, थांब जरा. सर, पाहुणे येणारेत?" म्हटलं, हो, मेहुणा. "सुरमई चालेल त्यांना?" छे, त्याला पापलेटच लागतं. "दुसरीकडे बघून यायला वेळ आहे?" अगं, साडेअकरा वाजले, कुठला वेळ! झालं, तिने भाव सांगितला. मी म्हटलं, आत्ता माझ्या आधीच्या त्या बाईंना तर शंभराने कमी सांगितलास! तर थंडपणे म्हणते, "त्यांची नजर बांगड्यावर होती सर. तुम्हाला पर्याय नाही, वेळ नाही. तुमची मागणी अलवचीक आहे."

तुम्हाला खोटं वाटेल, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फळ्यावर लिहिलेले मुद्दे, त्याच क्रमाने! मुकाट पैसे दिले, नाचत घरी आलो. बायको म्हणते, "एवढे महाग आणलेत?" मी म्हटलं, सरोज, पोरीला समजलं गं! आणि मेहुण्याने शेवटचा तुकडा उचलला तेव्हा माझ्या लक्षात आलं... पुरावा संपला.

सोमवारी वर्षालीला मॅडमसमोर उभं केलं. म्हटलं, जे केलंस ते लिही. तिने लिहिलं, "इतर परिस्थिती कायम असताना सरांनी पापलेट घेतले. आकृती पाहा." मी डोकं धरलं. पण या खेपेला आकृती होती! एक उभी रेषा, ताठ, भाव कितीही चढो, जागची न हलणारी, आणि तिच्याखाली लिहिलेलं, 'सर'. मॅडम पहिल्यांदा हसल्या. जोडला पुरावा.

जूनमध्ये नेमणूक आली. त्या आनंदात परत बाजारात गेलो, तर वर्षालीने विचारलं, "सर, यंदाचं नक्की झालं ना?" मी आपलं छाती फुगवून म्हटलं, झालं की! तिने भाव आणखी पन्नासने चढवला. अगं, हे काय? तर म्हणते, "सर, आता इतर परिस्थिती कायम नाही राहिली ना."

दिले. काय करणार, शिकवलं मी ना.